मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटर ठरलेले, तास मात्र बदलते

समजा तिकिटावर असं छापलंय: मुंबईहून सुटणार रात्री १:३०, न्यूयॉर्कला पोचणार सकाळी ६:५५, तारीख तीच. पहिल्यांदाच लेकीकडे किंवा मुलाकडे न्यू जर्सीला निघालेले आई-बाबा हे वाचून विचारतात, ‘म्हणजे साडेपाच तासांत अमेरिका?’ मग परतीचं तिकीट बघतात. न्यूयॉर्कहून सकाळी ११:३० ला सुटलेलं विमान मुंबईला उतरणार दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजता. ‘आणि यायला अख्खा दिवस?’

प्रश्न अगदी रास्त आहे. तिकिटावरच्या वेळा खऱ्याच असतात, पण त्यांची नुसती वजाबाकी करून प्रवास किती तासांचा ते कळत नाही. मोबाइलवर दोन शहरांमधलं अंतर शोधलं तर सुमारे १२,५०० किलोमीटर असं उत्तर येतं. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला की चौदा तास. प्रत्यक्षात मात्र न्यूयॉर्कला जायला पंधरा-सोळा तास लागतात आणि परत यायला त्याहून तास-दोन तास कमी. अंतर तेच, विमान तेच, मग तास का बदलतात? हे एकदा नीट कळलं की तिकीट निवडताना आणि घरच्यांना समजावताना फार सोपं जातं.

आधी अंतर

१२,५०० किलोमीटर ही पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेली सर्वांत आखूड वाट आहे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. तो कुठून गेलाय ते पाहिलं की बहुतेकांना आश्चर्य वाटतं. न्यूयॉर्क पश्चिमेला, तेव्हा विमान पश्चिमेकडे निघणार, असं आपण धरून चालतो. दोरा मात्र मुंबईहून जवळजवळ उत्तरेला, थोडासा पश्चिमेकडे कलून निघतो. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग रशियात जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून; पुढे फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचा पूर्व भाग आणि तिथून खाली न्यूयॉर्क. आइसलंडजवळ ही वाट ६५ अंश उत्तर अक्षांशाला टेकते. आर्क्टिक वृत्त तिथून जेमतेम दीड-दोन अंशांवर.

आता भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारा. ती अरबी समुद्र, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को आणि मग सबंध अटलांटिक अशी जाते. दिसायला हीच सरळ वाटते. पण विमान खरोखर या रेषेवरून नेलं तर त्याला सुमारे १४,२०० किलोमीटर कापावे लागतील, म्हणजे १,७०० किलोमीटर जास्त. जवळपास दोन तासांचा फरक नुसत्या नकाशामुळे.

याचं कारण रेखांशांत आहे. मुंबई आणि न्यूयॉर्कच्या मध्ये जवळपास १४७ अंश रेखांश आहेत आणि ते कुठल्यातरी अक्षांशावर ओलांडावेच लागतात. विषुववृत्तावर एका अंशाची रुंदी १११ किलोमीटर असते, तर ६० अंश उत्तरेला ती निम्मी, साधारण ५५ किलोमीटर. रेखांश ध्रुवाकडे एकमेकांच्या जवळ येत जातात. म्हणून आधी वर उत्तरेला चढायचं, जिथे रेखांश दाटीने आहेत तिथे ते भराभर ओलांडायचे आणि मग खाली उतरायचं, हे एकूणात स्वस्त पडतं. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये काढलेल्या पद्धतीच्या नकाशात सगळे रेखांश एकमेकांना समांतर दाखवलेले असतात. उत्तरेकडची ही दाटी त्यात दिसतच नाही, म्हणून त्यावर विमानाची वाट कमानीसारखी वाकडी वाटते.

यातून आणखी एक उपयोगी गोष्ट निघते. लंडनला थांबून न्यूयॉर्कला जाणं म्हणजे मोठा वळसा, असा बऱ्याच जणांचा समज असतो. मुंबई ते लंडन साधारण ७,२०० किलोमीटर, लंडन ते न्यूयॉर्क साधारण ५,५५०. बेरीज १२,७५०. थेट वाटेपेक्षा फक्त दोन-अडीचशे किलोमीटर जास्त! दुबईमार्गे गेलात तर १,९३० अधिक ११,०२०, म्हणजे १२,९५०. तिथेही वाढ साडेचारशेच्या आसपासच. मधल्या थांब्याने अंतर फारसं वाढत नाही. वाढतो तो वेळ, आणि तो जमिनीवर जातो.

वारा, आणि पृथ्वीच्या फिरण्याबद्दलचा एक गैरसमज

जायला जास्त आणि यायला कमी वेळ का लागतो, असं विचारलं की हमखास एक उत्तर येतं: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, म्हणून. विमान हवेत असताना खाली पृथ्वी सरकते, त्यामुळे एका बाजूला जाताना शहर जवळ येतं आणि दुसऱ्या बाजूला लांब जातं. शाळकरी मुलांपासून इंजिनिअर लोकांपर्यंत अनेकांना हे पटलेलं असतं. आणि ते चूक आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला फिरते. हवा तिच्याबरोबर फिरत नसती तर जुहूच्या किनाऱ्यावर उभ्या माणसाला ताशी १,५८० किलोमीटरचा वारा लागला असता. तसं होत नाही, कारण सबंध वातावरण जमिनीच्या बरोबरीने फिरतं आणि विमान त्या वातावरणातच उडतं.

खरं कारण आहे वारा. मोठी प्रवासी विमानं दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून जातात. त्या उंचीवर समशीतोष्ण पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिशय वेगवान वाऱ्यांचे झोत असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण कटिबंधाकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या तफावतीतून ते तयार होतात, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. (तेव्हा पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण असा आडवाटेचा.) हिवाळ्यात ही तफावत वाढते, म्हणून झोतही जोर धरतात. शंभर-दीडशे किलोमीटर वेग नेहमीचा, कधीकधी तो ताशी तीनशेच्याही वर जातो.

हे वारे पहिल्यांदा पद्धतशीरपणे मोजले वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात, फुगे आकाशात सोडून आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढून. आपलं काम जगभर पोचावं म्हणून त्याने अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. ती भाषा वाचणारे मूठभरच असल्यामुळे बाहेरच्या जगाने तिकडे जवळपास लक्षच दिलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना याच वाऱ्यांनी हैराण केलं, तेव्हा कुठे त्यांची ताकद सगळ्यांना कळली. ओइशीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आज प्रत्येक लांब पल्ल्याच्या उड्डाणाची आखणी त्याने मोजलेल्या गोष्टीवर उभी आहे.

विमानाचा ९०० चा वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. हवा स्वतः ५० च्या वेगाने समोरून येत असेल तर जमिनीच्या हिशेबात वेग उरतो ८५०, पाठीमागून असेल तर होतो ९५०. साडेबारा हजार किलोमीटरला पहिल्या वेगाने जवळपास पावणेपंधरा तास लागतात, दुसऱ्याने सव्वातेरा. नुसत्या पन्नासच्या वाऱ्याने जाण्या-येण्यात दीड तासाचं अंतर पडतं. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर ‘कियारा’ नावाचं वादळ आलं होतं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी त्याने आवाजाच्या वेगाची मर्यादा ओलांडली नाही, कारण भोवतालची हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

पण याहून चांगलं उदाहरण आपल्याकडचंच आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान एअर इंडिया आधी अटलांटिकवरून नेत असे, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली. पश्चिमेला न जाता पूर्वेला, पॅसिफिकवरून. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला. साडेचौदा तासांत विमान पोचलं. सॅन फ्रान्सिस्को भारतापासून पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूला असल्यामुळे ही निवड शक्य झाली. न्यूयॉर्कच्या बाबतीत पूर्वेकडची वाट इतकी लांब पडते की वाऱ्याचा फायदा त्यात बुडून जातो.

म्हणून विमान दोऱ्याच्या रेषेवरून क्वचितच जातं. उड्डाणाच्या काही तास आधी विमान कंपनीचे नियोजक वाऱ्यांचा ताजा अंदाज घेऊन त्या दिवसाची वाट आखतात. पश्चिमेला जाताना झोताला बगल द्यायची, पूर्वेला येताना त्यात शिरायचं. उत्तर अटलांटिकवर तर रोज नव्या वाटा जाहीर होतात. आयर्लंड-ब्रिटनकडचं शॅनविक आणि कॅनडातलं गँडर ही नियंत्रण केंद्रं वारा पाहून त्या ठरवतात. एकच क्रमांकाचं विमान सोमवारी ग्रीनलंडजवळून आणि बुधवारी बरंच दक्षिणेकडून गेलेलं मोबाइलवर दिसतं ते यामुळे.

समोरच्या वाऱ्याचा आणखी एक परिणाम प्रवाशांच्या लक्षात येत नाही. बोइंग ७७७-३००ईआर हे लांब पल्ल्याचं विमान जास्तीत जास्त सुमारे ३५० टन वजन घेऊन उडू शकतं आणि त्यात १४० टनांहून अधिक इंधन मावतं. उडताना विमानाच्या वजनातला मोठा वाटा नुसत्या इंधनाचा असतो, आणि ते इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. वारा फारच विरुद्ध असेल तर कंपनीला माल कमी करावा लागतो, कधी काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात, किंवा वाटेत इंधनासाठी उतरावं लागतं.

आकाशातल्या बंद वाटा

दोऱ्याची वाट ज्या देशांवरून जाते त्यांची यादी पुन्हा वाचा: पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. पृथ्वीचा गोल राजकारण जाणत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्यानंतर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. उलट पहलगाम हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं, भारतानेही तेच केलं, आणि ही बंदी महिन्यामागून महिना वाढवली गेली. म्हणजे एकाच प्रवासासाठी अमेरिकी कंपनीला एक वाट बंद, भारतीय कंपनीला दुसरी. २०१९ मध्ये बालाकोटनंतरही पाकिस्तानचं आकाश जुलैपर्यंत बंद होतं. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराणचं आकाश बंद झालं, तेव्हा आखातातून जाणाऱ्या विमानांनाही वाटा बदलाव्या लागल्या.

या सगळ्याचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीला जास्त बसतो. मुंबई समुद्रावर आहे. विमान उडालं की थेट अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने निघतं, पुढे पश्चिम आशिया, युरोप आणि अटलांटिक. इस्तंबूलच्या बाजूने वळून गेलं तरी दोऱ्याच्या वाटेपेक्षा तीन-चारशे किलोमीटरच जास्त होतात. पाकिस्तानचं आकाश बंद असताना दिल्लीच्या विमानाला मात्र आधी राजस्थान-गुजरातवरून खाली समुद्राकडे यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. म्हणूनच २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमानं इंधन भरायला व्हिएन्नाला थांबू लागली, आणि दिल्ली-वॉशिंग्टन सेवा सप्टेंबरपासून थांबवण्यात आली. त्यामागे हे एक कारण होतं.

फिनलंडची गोष्ट सगळ्यांत बोलकी आहे. हेलसिंकी-टोकियो हा प्रवास रशियावरून साधारण नऊ तासांचा होता. २०२२ नंतर फिनएअरची विमानं रशियाला वळसा घालून, कधी उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली आणि तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही शहरं जागच्या जागी, अंतर शोधलं तर आजही तोच आकडा येतो.

आकाश खुलं असणंही पुरेसं नसतं. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदान इथे उतरवावं लागलं. दोनशेहून अधिक प्रवासी त्या छोट्या शहरात अडकले, दुसरं विमान येईपर्यंत. अशा प्रसंगासाठीच दोन इंजिनांच्या विमानांना वाट आखताना ठरावीक वेळेच्या आत पोचता येईल असा विमानतळ कायम हाताशी ठेवावा लागतो. समुद्रावर, वाळवंटात, ध्रुवाजवळ या नियमामुळेही वाट थोडी वाकते.

घड्याळाचा हिशेब

आता तिकिटाकडे वळू. दोन्ही वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. भारताचं घड्याळ वर्षभर एकच. न्यूयॉर्कचं वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे. म्हणून हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ.

जाताना हा फरक मिळवायचा, येताना वजा करायचा. वरचं तिकीट जानेवारीचं धरू. १:३० ते ६:५५ म्हणजे ५ तास २५ मिनिटं, अधिक साडेदहा, एकूण १५ तास ५५ मिनिटं. परतीला ११:३० ते दुसऱ्या दिवशीचे १२ म्हणजे साडेचोवीस तास, वजा साडेदहा, म्हणजे १४. आई-बाबांच्या मनातली ‘साडेपाच तास आणि अख्खा दिवस’ ही तफावत दोन तासांवर आली, आणि ते दोन तास वाऱ्याचे.

त्या जानेवारीच्या प्रवासाची एक गंमत सांगायलाच हवी. विमान पश्चिमेला, रात्रीच्या बरोबरीने पळत असतं. ६० अंश अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे ८३५ किलोमीटरने फिरतो, म्हणजे विमानाइतकाच. त्यामुळे सूर्य मागून विमानाला गाठू शकत नाही. रात्री दीडला मुंबई सोडलेल्या प्रवाशाला जवळपास सोळा तास काळोखच दिसतो आणि उजाडतं ते न्यूयॉर्कला उतरताना. शरीराला हे सहजी मानवत नाही; पुढचे काही दिवस भलत्या वेळी झोप येते आणि भलत्या वेळी भूक लागते.

तिकिटावरचे तास कुठपासून कुठपर्यंत?

वेळापत्रकातला काळ विमान गेटपासून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत येणं हे सगळं त्यात येतं. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत. न्यूयॉर्कचं जेएफकेही गर्दीचं. कंपन्या अनुभवावरून थोडा जास्तीचा वेळ धरूनच वेळापत्रक करतात, म्हणून कधी विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं.

तिकीट शोधताना सुटण्या-पोचण्याच्या वेळांपेक्षा ‘एकूण कालावधी’ हा रकाना बघा. थांब्याच्या प्रवासात मधले तास त्यातच कळतात. तीन तासांचा थांबा वयस्कर माणसांना बरा पडतो, दीड तासाचा धावपळीचा होतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं चुकू शकतं. थेट विमान महाग असलं तरी गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-बाबांसाठी मी तेच सुचवेन. तिकीट काढतानाच व्हीलचेअरची नोंद करून टाका, निघायच्या दोन दिवस आधी ती झालीय का ते कंपनीला विचारा. आणि न्यूयॉर्कला घ्यायला जाणाऱ्यांनी तिकिटावरची वेळ धरून निघू नये. विमानाचा क्रमांक मोबाइलवर टाकला की ते त्या क्षणी कुठे आहे आणि किती वाजता टेकणार ते दिसतं. त्यात इमिग्रेशनची रांग आणि सामान येण्याचा वेळ धरा, किमान तासभर, गर्दी असेल तर दोन.